अकरा बटणांची पॅन्ट

आधीच सांगून टाकतो... भूतखेत, करणी, दृष्टांत असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या देवरुखकडे दर दुसऱ्या वळणावर कुणाला तरी काहीतरी दिसतं म्हणतात. मला उभ्या आयुष्यात कधी काही दिसलं नाही. मी टेलर माणूस, माझा देव म्हणजे खिशातला टेप. तो सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा! त्यामुळे हे वाचून कुणी "काका, तुम्हीसुद्धा?" म्हणणार असेल, तर खुशाल म्हणा.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. बहरीनमध्ये बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत मी लेडीज टेलरिंगचं दुकान सांभाळायचो. दुकान अरबाबचं, म्हणजे आमच्या बहरीनी मालकाचं. राहायला जवळच्याच हूरा भागात. घरात आम्ही तिघं — मी, बायको शोभा आणि दहा वर्षांची रेवा.

रेवा तान्ही असताना तिच्या हाडात इन्फेक्शन झालं आणि उजवा पाय वाढायचा मागे राहिला. दीड इंचाचा फरक. तिचे सगळे कपडे मीच शिवायचो, उजवा पाय दीड इंच आखूड कापून. ती उभी राहिली की कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी एकदा ऑपरेशनचा विषय काढला होता. मी त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "इंशाल्ला, बघू" म्हणालो आणि उठलो. पोरीच्या हाडाला कुणी हात लावायचा नाही, एवढंच मला कळत होतं. खरं कारण म्हणजे मी घाबरलो होतो.

त्या वर्षी ईदची गर्दी संपल्यावर अरबाबच्या डोक्यात आलं की व्हिएतनामचं रेशीम मागवायचं. "तू जाऊन हाताने बघून ये," म्हणाला. "यल्ला, फॅमिलीला पण घेऊन जा. बारा वर्षांत कुठे गेलायस तू?" खरं होतं ते. बहरीन ते देवरुख आणि देवरुख ते बहरीन, एवढाच आमचा प्रवास.

होई आन नावाचं गाव. नदीच्या अगदी काठाला चिकटून पिवळ्या भिंतींची घरं. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, होड्यांतून भाजी उतरवणाऱ्या बायका, दारोदार बांबूच्या काड्यांवर रेशीम ताणून केलेले आकाशकंदील! "अहो, इथे बारा महिने दिवाळी," शोभा म्हणाली. रेवा एका कंदीलवाल्याकडे दोन तास बसून स्वतःचा कंदील करून आली, वाकडा, पण स्वतःचा. सकाळी काठावरच्या बाईने तांदळाचं पीठ वाफेवर पातळ पसरून गुंडाळी करून दिली, तर शोभा ओरडलीच, "अगोबाई, हे आपलं घावनच की! फक्त नारळाचा रस विसरली." मासळीच्या त्या आंबूस सॉसला मी आधी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी वाटी पुढे करून मागून घेतला. दहा-बारा वर्षांत आम्ही तिघं एवढे हसलो नव्हतो.

आणि तिथे पावलोपावली टेलर! आज माप द्या, उद्या कपडे न्या. माझ्यातला टेलर गप्प बसेना. नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत पायाच्या मशीनवर एक म्हातारी बसली होती. तिची टीप बघितली आणि मी थांबलोच. इतकी सरळ टीप मी माझ्या उस्तादानंतर कुणाची बघितली नव्हती. म्हटलं, रेवाला हिच्याकडून एक ड्रेस शिवून घेऊ.

म्हातारीला इंग्लिश येत नव्हतं, सुनेला मोडकंतोडकं यायचं. माप घ्यायच्या आधी म्हातारीने रेवाचा हात धरून खूण केली — चाल. रेवा गल्लीतून नदीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा चाल. तीनदा! मला राग आला. पोरीचं लंगडणं असं भर रस्त्यात काय बघायचं? पण रेवा लाजली नाही, उलट हसत होती. मग म्हातारीने मापं घेतली. मी खिशातला टेप काढून तिच्या मागोमाग मोजलं, सवयच ती! वहीत तिने डाव्या-उजव्या पायाचे आकडे वेगवेगळे लिहिले. दोन्ही बरोबर होते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

दुसऱ्या दिवशी ड्रेस तयार. अंजिरी रंगाचा कुर्ता एकदम झकास. आणि पॅन्ट... काय सांगू! दोन्ही पाय एकाच लांबीचे. डावा दोन इंच लांब, उजवा साडेतीन इंच जमिनीवर लोळतोय. शिवाय उजवा पाय गुडघ्याखाली घागरीएवढा रुंद आणि बाहेरची शिवण चक्क उघडी! तिथे कापडाच्या गाठींची बटणं, ओळीने अकरा. डाव्या पायाला एकही नाही.

"हे काय आहे?" मी वही उघडून आकड्यांवर बोट आपटलं. "यू रोट करेक्ट! देन व्हाय?"

सुनेने विचारलं. म्हातारीने दोरा दाताने तोडला आणि शांतपणे काहीतरी म्हणाली.

"मदर से, राइट. नो चेंज."

नो चेंज म्हणे! हॉटेलवर येऊन मी ब्लेड काढलं, म्हटलं उसवून नीट करतो. तर रेवाने पॅन्ट छातीशी धरली. "बाबा, डोन्ट! इट्स माइन. आय लाइक द बटन्स."

"राहू दे हो," शोभा म्हणाली. "सगळ्या जगाला तुम्हीच शिवण शिकवणार का?"

पॅन्ट बॅगेत गेली, बहरीनला येऊन कपाटात गेली, खलास.

चार महिन्यांनी रेवाची कंबर दुखायला लागली. शाळेतून आली की पडून राहायची. डॉक्टर या वेळी स्पष्टच बोलले — आता केलं नाही तर पाठीचा कणा वाकेल. मग त्यांनी फोटो दाखवला. पायाभोवती लोखंडी कडी, त्यांतून हाडात गेलेल्या तारा. रोज थोडे थोडे नट फिरवायचे, हाड हळूहळू लांब होतं. सहा-सात महिने ते सगळं पायावर. आणि माझ्या तोंडून प्रश्न काय निघावा? "डॉक्टर, ती पॅन्ट कशी घालणार?" डॉक्टर हसले. म्हणाले, कुठलीच पॅन्ट जात नाही त्याच्यावरून, फ्रॉक घालतात किंवा पॅन्टचा एक पाय कापून टाकतात.

घरी आलो. मी नाहीच म्हणणार होतो. शोभाने कपाट उघडलं आणि अंजिरी पॅन्ट माझ्या मांडीवर ठेवली.

मी ती अकरा बटणं एकेक करून सोडली. फोटोतली कडी आठवून उजव्या पायाचा घेर टेपने मोजला. मग रडलो, शोभासमोर, अगदी पोरासारखा. दुसऱ्या दिवशी जाऊन "हो" सांगून आलो.

ऑपरेशन पुण्यात झालं. पायाला कडी बसल्यावर आम्ही पॅन्ट चढवली. बटणं लावली. सगळ्यांत मोठ्या कड्यावरून कापड अलगद गेलं, वर बोटभर जागा. वॉर्डातल्या इतर मुलांच्या आया विचारायच्या, "कुठून शिवून घेतली हो?" उसन्या मशीनवर बसून मी तिथल्या चार मुलांना तशाच शिवून दिल्या.

लोक म्हणतात, तिथे युद्धात किती पाय मोडले असतील, म्हातारीने असली कडी बघितली असणार. असेल बाबा. पण आमच्या पोरीला ती कडी बसणार, हे आम्हालाच माहीत नव्हतं! कुणी म्हणतं, वाढत्या अंगाचं शिवलं असेल. अहो, वाढत्या मुलाचं शिवताना टेलर खाली माया ठेवतो, दुमडीत जादा कापड ठेवतो, मग सोडतो. मी दुमड उसवून बघितली. माया नव्हती. तिने शेवटचंच माप कापलं होतं.

कडी निघाली, वर्ष उलटलं. बहरीनला परतल्यावर एका शुक्रवारी आम्ही समुद्रावर फिरायला गेलो. रेवाने हट्टाने तीच पॅन्ट घातली होती, बटणं लावून. ती पुढे चालत होती. मी सवयीने मागून पॅन्टच्या मोहरीकडे, खालच्या काठाकडे बघितलं — दोन्ही पाय घोट्यावर, एकाच रेषेत. रस्त्यातच खाली बसून टेप लावला. सुताचाही फरक नाही.

"बाबा, एव्हरीवन इज लुकिंग! चल ना," म्हणून ती पुढे पळाली. पळाली!

त्या पॅन्टमधला रेवाचा फोटो म्हातारीला होई आनला पोस्टाने पाठवला होता. उत्तर आलं नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही, आणि टेपलाही विचारून झालं. पण तेव्हापासून माझ्याकडे माप द्यायला लहान मूल आलं की मी आधी त्याला दुकानाच्या दारापर्यंत चालायला लावतो. जा, परत ये. पुन्हा जा. त्यात काय बघायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. तरी मी बघतो.