सुंठआत्याची जीभ

माझ्या नणंदेला सगळी गल्ली सुंठआत्या म्हणते. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे सही येते आणि तीही वाकडी. पण सुंठ निवडावी वन्संनीच. वाण्याच्या पोत्यातला तुकडा कटकन मोडायच्या, कण जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या. पटलं नाही की म्हणायच्या, "हे लाकूड चुलीत घाल." घरी आणून वरचा चुना खरवडायच्या, उन्हात तापवून कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या. कुणी खोकलं, कुणाचं पोट धरलं, की पुडी दारात हजर.

गेल्या वर्षी त्या मोठ्या दुखण्यातून उठल्या. भाजीला नावं ठेवल्याशिवाय घास न गिळणारी बाई मुकाट्यानं जेवायला लागली. आम्हाला वाटलं, स्वभाव निवळला.

परवा खालचा शिंपी खोकत वर आला. माझ्या सूनबाईनं काढा उकळायला ठेवला. वन्संनी सवयीनं कपात थोडा ओतून घेतला, घोट घेऊन डोळे मिटले.

"सुंठ काय लागलीय! शिंपीभाऊ, घसा सोलून निघेल बघा."

सूनबाई पुडी हातात धरून उभी. बोलू नये ते बोलून गेली, "आत्या, सुंठ अजून घातलीच नाही."

शिंपी हसला, मग वन्संचं तोंड बघून बाहीवरचे दोरे वेचायला लागला. वन्संनी पदर कपाळापर्यंत ओढला. आमच्याकडे पाहुण्यांसमोरही तो कधी खांद्याच्या वर गेलेला नाही.

शिंपी गेल्यावर म्हणाल्या, "वहिनी, जिभेला नुसतं गरम कळतं. बाकी काही नाही."

"मग बोलायचं नाही का वन्सं?"

"बोलले असते तर सुंठआत्या कोण म्हणालं असतं?"

म्हणजे वर्षभर वाण्यानं दम गेलेली सुंठ गळ्यात मारली होती, आणि ह्यांनी डोळे मिटून पसंत केली होती. सूनबाई खाली बघत म्हणाली, "मी काढ्यात मिरी वाढवत होते, आत्या."

ते त्यांना जास्त लागलं. पिशवी घेऊन निघाल्या, पुड्या परत घ्यायला. मी मागोमाग. दारोदारी पुड्या मिळाल्या, पण कशा, तर वन्संनी मारलेली गाठसुद्धा न सुटलेल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "वापरायची राहूनच गेली हो." वन्सं नुसत्या मान हलवत होत्या. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

जिन्यात म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत होतं, वहिनी. मीच तेवढी लपवत होते." पिशवीसाठी मी हात पुढे केला, तर दिली नाही.

आज सूनबाईला घेऊन वाण्याकडे गेल्या. लांबच, सावलीला उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "मोड. आवाज ऐकू दे." तुकडा कटकन मोडला. सूनबाईनं कण जिभेवर ठेवला.

डोळे मात्र वन्संनी मिटले.

सूनबाईला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "घ्या, आत्या. हीच घ्या."

वन्संनी पिशवी तिच्या हातात दिली आणि पदर तसाच ओढून घराकडे वळल्या.