जिन्याखालचा मेन स्विच

परवा दुपारी आमच्या बोईसरला भोंगा वाजला. घाबरू नका... सराव होता. तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारी राहायचं म्हणजे असे सराव अधूनमधून असायचेच. आदल्या दिवशी रिक्षा फिरवून सांगितलं होतं, भोंगा झाला की घरात जा, दारं-खिडक्या लावा, दुसरा भोंगा होईपर्यंत बाहेर पडू नका.

मी लगेच खिडक्या लावल्या. कॉन्व्हेंट शाळेत सिव्हिक्स शिकवणाऱ्या सिस्टर ‘गुड सिटिझन’ म्हणत डोक्यावरून हात फिरवायच्या... साठी उलटली तरी तो हात अजून हवासा वाटतो.

आणि मग आठवल्या तळमजल्यावरच्या गोदूताई. एकट्या राहतात, कानांनी ठार बहिऱ्या. हे खरं असतं तर? खिडक्या उघड्या टाकून टीव्ही बघत बसल्या असत्या...

मी जिना उतरले. गेटवर दंडाला पट्टी बांधलेली स्वयंसेवक मुलगी उभी होती, सफाळ्याकडची.

“ओ काकू, आत जा ना! भोंगा ऐकला नाय?”

“मला आला गं ऐकू. गोदूताईंना नाही येत.”

“मंग दार ठोका त्यांचं.”

“ते तरी कुठे ऐकू येतंय!”

यावर आमच्या बिल्डिंगची जुनी युक्ती आहे. जिन्याखाली सगळ्यांचे मीटर आहेत. मी गोदूताईंचा मेन स्विच बंद केला. टीव्ही गेला... आणि दार धाडकन उघडलं.

“मेलं हे सरकार! ऐन सिरियलच्या वेळी लाईट घालवतं!”

मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. मी हातवारे करून गोदूताईंना भोंग्याचं सांगितलं, दोघींनी मिळून त्यांच्या खिडक्या लावल्या, लाईट परत चालू केली.

निघताना मुलीचा आवाज एकदम हळू झाला. “काकू, आमी भोंगा वाजवू. पन यांचा मीटर कुटला, ते आमाला कसं कलनार? खरा वाजला तं तुमी याल ना खाली?”

“येईन गं.”

बोलून गेले, आणि मग त्या शब्दाचं वजन कळलं...

भोंगा वाजवणं सरकारचं काम. तो वेळेवर वाजला नाही तर जाब विचारणं आपलं. आणि तो कोणाला ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवणंही आपलंच. सिस्टर, बरोबर ना?

गोदूताई अजून लाईटवरून सरकारलाच शिव्या देताहेत. स्विचचं मी सांगत नाही... नाहीतर पुढच्या वेळी दार उघडायच्या नाहीत.