पाचच्या गाडीची नोंद

दवाखाना मंचरला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. मूळचं ते कापडाचं गोदाम. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या आणि आता आमच्याहून चांगलं मराठी बोलणाऱ्या एका शेठनं ते आमच्या संस्थेला वापरायला दिलं होतं. पुढच्या भागात डॉक्टर मॅडम पेशंट तपासायच्या, मागच्या खोलीत मी आणि कॉम्प्युटर. आम्हा दोघांपैकी मॅडमचा विश्वास कॉम्प्युटरवर जास्त होता, आणि तोही मी हात लावेपर्यंतच.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. पुण्यातल्या कंपनीनं आमचं काम गुंडाळलं, मी बेकार झालो, आणि कुणीतरी सांगितलं की मंचरच्या दवाखान्याला कॉम्प्युटर कळणारा माणूस पाहिजे. मला हो म्हणायला काही जड गेलं नाही. नाही म्हणायलाही गेलं नसतं. त्या काळात मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या तेराव्याला मी सगळ्यांना वाढलं आणि चौदाव्या दिवशी पुण्यात ऑफिसात जाऊन बसलो. पोरगा खंबीर आहे, असं भावकीत म्हणत होते. खंबीर वगैरे काही नव्हतो. नुसता रिकामा होतो, पण तसं म्हणायची पद्धत नाही.

आई याच संस्थेची पेशंट होती. हृदय अशक्त झालेलं, पायांवर सूज. आमच्या निरगुडसरला संस्थेची आरोग्यताई दर आठवड्याला यायची, आईचं वजन बघायची, बी.पी. बघायची, वहीत लिहून न्यायची. तशाच ताया कळंबला होत्या, वर जुन्नरकडे पार मढपर्यंत होत्या. आठवड्यातून एकदा त्या मंचरला येऊन वहीतल्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरायच्या.

हा भरायचा प्रोग्राम नव्वदच्या दशकातला होता. सगळ्या पेशंटना तेच ठरावीक रकाने. बाळंतिणीला विचारायचं वेगळं, क्षयाच्या पेशंटला वेगळं, पण रकाने तेच. त्यामुळे अर्धे रिकामे राहायचे आणि बाकी सगळं शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात कोंबलेलं असायचं. मॅडमना हे बदलायचं होतं. मी त्यांना एक्सएमएल डेटाबेस सुचवला. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट साधी. प्रत्येक माहितीला तिच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि डब्यात डबा ठेवावा तसं एकात एक ठेवायचं. पेशंटची एक फाईल, फाईलमध्ये भेटी, भेटीत त्या पेशंटचं जे असेल ते. ज्याला जेवढी जागा लागेल तेवढी.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येईल अशा रूपात, आणण्यातच दोन महिने गेले. मधे भारनियमन. बॅटरी वीस मिनिटं टिकायची आणि भरणीचं काम लागायचं दोन तास, म्हणजे लाईट जायच्या वेळा पाठ करून काम लावायचं. ते जमलं. पहिल्यांदा सगळ्या फायली नव्या डेटाबेसमध्ये भरल्या आणि मॅडमना बोलावलं. त्यांनी एक नंबर टाकला. फाईल उघडायला चाळीस सेकंद लागले. मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. पुढच्या खोलीत बाकावर बायामाणसं खोकत बसलेली. तेवढ्या वेळात मी एक पेशंट तपासते, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

मग त्यांनी उपाय सांगितला. मयतांच्या फायली काढून टाका. त्यांची एक सीडी करा, कपाटात ठेवा, डेटाबेस हलका होईल. जिवंत माणसं ताटकळत असताना गेलेल्यांच्या फायली कशाला चाळायच्या?

मी लगेच म्हणालो की असं करू नका. आईचं दुखणं मुलाला कळलं पाहिजे, बापाची साखर मुलीच्या उपचारात लागते, पुढं कधी ना कधी या फायली हव्या होतील. सगळं बरोबर होतं आणि त्यातलं एकही कारण माझं नव्हतं. आमच्याकडच्या सीड्या वर्षभरात वाचता येईनाशा होतात हे मला माहीत होतं. दमट कपाटात ठेवलेली सीडी म्हणजे फेकून दिल्यातच जमा. आईचा एक फोटो सोडला तर तिच्याबद्दल लिहिलेलं असं जगात एवढंच होतं. मॅडमना हे मी सांगितलं नाही. त्यांनी एक महिना दिला. सगळ्या फायली आत ठेवून पाच सेकंदांत उघडायला लागल्या तर राहू द्या, नाहीतर सीडी.

वेग वाढवायच्या कामात एक रीत असते. सगळ्यात जड फाईल घ्यायची आणि तीच उघडून उघडून बघायची. ती पळाली की बाकीच्या पळतातच. सगळ्यात जड फाईल कोणती हे काढलं तर आईचीच निघाली. कितीतरी वर्षं, दर आठवड्याला एक भेट. मग मी दिवसभर आईचा नंबर टाकायचो आणि खाली आलेले सेकंद वहीत लिहायचो. चाळीस. अडतीस. एकवीस. फाईल समोर उघडलेली असायची, शेवटची नोंद सगळ्यात वर यायची, आणि माझं लक्ष खालच्या आकड्यावर. दिवसातून तीस-चाळीस वेळा मी आईला बोलावत होतो आणि तोंडाकडे न बघता परत पाठवत होतो. वाईट वाटायचं का? नाही. आकडा उतरला की बरं वाटायचं.

खरी मेख माझ्याच लिहिण्यात होती. मी डेटाबेसला नुसतं म्हणत होतो की या नंबरचा माणूस कुठंही असेल तिथून शोध. मग तो बिचारा प्रत्येक फाईलच्या प्रत्येक कप्प्यात डोकवत बसायचा. पावण्यानं गावात शिरून दर घराचं दार वाजवावं तसं. त्याला आळी सांगायला हवी होती. मी पूर्ण वाट लिहून दिली, पेशंटच्या नंबरवर आणि गावावर इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, केला, आणि आकडा चारवर आला. मुदतीला अजून दहा दिवस होते. मी स्वतःवर खूश होतो, जे माझ्या बाबतीत सहसा घडत नाही.

मॅडमना दाखवायच्या आधी तायांकडून तपासून घ्यावं म्हणून मी निरगुडसरच्या, आईकडे यायच्या त्याच ताईला बसवलं. तिच्या गावच्या फायली तिनं बघाव्यात, चुका सांगाव्यात. मी उदाहरणाला आईचीच फाईल उघडली, कारण हाताला तोच नंबर लागला होता. ताई चष्मा लावून वाचायला लागली. तीच शेवटची नोंद. वाचून ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, ह्याच्या म्होरलं कुठंय?"

मी म्हणालो, पुढचं काय? तिनं पडद्यावर बोट ठेवलं. तेव्हा ती नोंद मी पहिल्यांदा वाचली. दोन्ही पायांवर सूज आहे, असं लिहिलं होतं. सकाळी नसते, संध्याकाळी वाढते. गोळी वेळेवर घेते. पाय उंच ठेवून पडायला सांगितलं, ऐकत नाही. कारण विचारलं, सांगत नाही, पण शेजारची म्हणते की.

तिथं ती संपत होती. मी हे वाक्य पाच-सहाशे वेळा पडद्यावर आणलं होतं आणि ते अर्धवट आहे हे मला दिसलं नव्हतं.

ताईनं मग समजावून सांगितलं, आणि तिला आश्चर्य वाटत होतं की हे मला कसं माहीत नाही. जुन्या प्रोग्रामात शेऱ्याच्या रकान्यात अडीचशेच्या आसपास अक्षरं मावत. रकाना भरला की पुढचं अक्षर उमटतच नसे. पण तायांना तर सगळं लिहायचं असायचं. घरात कोण आहे, चूल कुठं आहे, पेशंट का जेवत नाही. मग त्यांनी आपसात एक युक्ती काढली. रकाना भरला की ती भेट बंद करायची, त्याच दिवशीची दुसरी भेट उघडायची आणि राहिलेलं वाक्य तिथं पुरं करायचं. दुसरी भरली की तिसरी. सगळ्या ताया असंच करायच्या. कुणाला सांगायची गरज पडली नाही, कारण वाचणाऱ्याही त्याच होत्या.

"आमी काय एका दिसात चारदा जात व्हतो व्हय एका घरी?" ताई म्हणाली.

मला तसंच वाटलं होतं. म्हणजे तेवढाही विचार मी केला नव्हता. फायली भरताना एका पेशंटच्या एका दिवसात दोन-तीन भेटी दिसल्या, तेव्हा मी ठरवून टाकलं की बायकांनी चुकून पुन्हा भरल्या आहेत. एक ओळ लिहिली: दिवसाला पहिली भेट ठेव, बाकीच्या गाळ. आणि वर मॅडमना कौतुकानं सांगितलंही होतं, की जुन्या माहितीतला बराच कचरा काढला. तो कचरा म्हणजे दोन तालुक्यांतल्या तायांची पुरी केलेली वाक्यं होती. मला माझी लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं.

जुना प्रोग्राम अजून होता, त्यातून मला ती एक नोंद त्याच क्षणी बघता आली असती. मी बघितली नाही. ताईलाही विचारलं नाही, आणि ती स्वतःहून बोलली नाही. मी तिला चहा आणून दिला. मला कामाच्या ओघात काय येईल ते बघायचं होतं. भित्रा माणूस असा कामाच्या आड उभा राहतो.

ती ओळ काढून दुसरी लिहिली. एका दिवसाच्या सगळ्या भेटी त्यांच्या क्रमानं जोड आणि एक कर. पुन्हा सगळ्या फायली भरल्या. आता डेटाबेस पहिल्यापेक्षा कितीतरी जड झाला, आणि आईची फाईल सगळ्यात जड. नंबर टाकला तर अकरा सेकंद. म्हणजे माझी चार सेकंदांची मर्दुमकी अर्धी या गाळण्याचीच होती. मुदतीला आठ दिवस. पुन्हा ती ओळ घातली असती तर मॅडमना पाच सेकंदांच्या आत फाईल दाखवता आली असती, फायली कपाटात गेल्या नसत्या, आणि सगळी वाक्यं अर्ध्यावर राहिली असती. एक संध्याकाळ मी हा विचार केला. केला नाही असं म्हणणार नाही.

शेवटी साधा मार्ग सापडला. फाईल उघडताना सगळ्या वर्षांच्या भेटी एकदम आणायच्याच नाहीत. आधी माणूस आणि त्याची शेवटची भेट आणायची, बाकीच्या मागितल्या तर. भेटीच्या तारखेवर आणखी एक इंडेक्स केला. शेठनं दवाखान्यासाठी म्हणून मेमरी वाढवून दिली. वरची नोंद न वाचता मी आकडाच बघत होतो, आणि तो उतरत गेला. आठ, सहा. मुदतीच्या आदल्या दिवशी दोन.

दोन आल्यावर मी वहीत लिहिलं, पेन ठेवलं आणि वर बघितलं. नोंद पुरी होती. शेजारची म्हणते की रोज पाचच्या गाडीला ओट्यावर पाय खाली सोडून बसते. मुलगा उतरतो का बघते. पाय लोंबते राहून सूज वाढते. मुलाला कळवू का विचारलं. नको म्हणाली, त्याला काम असतं. पायांखाली पाट घेऊन पाय टेकवायला सांगितलं. पुढच्या वेळी बघणे.

पुढची भेट नव्हती. त्याखाली मयत असा शेरा होता.

शिकत होतो तेव्हा मी शनिवारी पाचच्या गाडीनं घरी जायचो. मंचरहून ती पाचला सुटते, म्हणून गावात तिचं नाव पाचची गाडी. नोकरी लागल्यावर मी मोटारसायकल घेतली. त्यानंतर गेलो ते क्वचित, आणि गेलो ते मोटारसायकलवर. एस.टी.नं एकदाही गेलो नाही. आईला हे माहीत होतं. त्या गाडीतून मी उतरणार नाही हे तिला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. घड्याळ बघून त्यांनी नंबर मागितला, मी आईचा दिला. फाईल उघडली. मॅडमनी घड्याळ बघितलं, मग नोंद वाचली. मग आडनाव वाचलं. घरची का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, आई. त्यांनी सांगितलं की कुणाचीच काढू नका, सगळ्यांच्या राहू द्या. आणि पुढच्या पेशंटला हाक मारत गेल्या.

त्या दिवशी मोटारसायकल दवाखान्यातच लावली आणि पाचची गाडी धरली. गाडीत ओळखीचं कुणी नव्हतं. निरगुडसरला उतरलो. आई गेल्यापासून बंद असलेल्या आमच्या घराच्या ओट्याकडे मी बघितलं. तिथं कोण असणार? तरी बघितलं. शेजारची शिवणकाम करणारी चाची दारात बसून काजं करत होती. आई तिच्याशीच बोलायची. गाडीनं आलेलं बघून तिनं सुई थांबवली.

मी कुलूप न काढता ओट्यावर बसलो. ओटा उंच आहे, पाय जमिनीला पोचत नाहीत. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. समोरच्या थांब्यावरून गाडी वळली, कंडक्टरनं बेल दिली, मंचरकडे परत गेली. पाय जड व्हायला लागले होते. मी चाचीला विचारलं की आई किती वेळ बसायची. गाडी गेली की आत जायची ना?

चाचीनं दोरा तोडला.

"न्हाई रं," ती म्हणाली. "पाचची गेली की सातची बघायची."

मग मीही सातची येऊन जाईपर्यंत बसलो.