कागदावर नसलेले फ्लॅट

पोलीस बँडमधून निवृत्त झाल्यावर बाबा मोताळ्याला माझ्याकडे राहायला आले. मी इथल्याच शाळेत शिकवते. यंदा सव्वीस जानेवारीला शाळेच्या बँडने बाबांनी बांधलेली एक चाल वाजवायची ठरली. पोरांना पाच रेघांचं नोटेशन वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांच्या वहीतली शाई फुटली होती, म्हणून मी चाल लॅपटॉपवर उतरवली. कोमल स्वराच्या चिन्हाला फ्लॅट म्हणतात; स्वर कोमल आहे याची पुन्हापुन्हा आठवण करून द्यायला सॉफ्टवेअरने जागोजागी कंसात जादा फ्लॅटची चिन्हं घातली. गर्दी नको म्हणून मी ती एकदम निवडून लपवली. चाल लॅपटॉपवर वाजवून ऐकली, बरोबर होती. प्रती काढल्या.

सरावात दुसऱ्याच ओळीला बाबांनी हात वर केला. "थांबा बे. गांधार शुद्ध काऊन वाजवून राह्यले?"

"कागदावर तसाच हाय, आजोबा," ट्रम्पेटवाली मुलगी म्हणाली.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग मला म्हणाले, "याच्यात फ्लॅटच नाही."

मी मुख्याध्यापकांसोबत ऑफिसच्या दारात उभी होते. तिथूनच मी म्हणाले, "हाय बाबा, मी सोता आयकलं. तुमाले दिसत नसन. डोयाचं आपरेशन झाल्यापासून हेच चालू हाय तुमचं."

मुख्याध्यापक हसले. "वय झालं की होतं असं."

बाबांनी क्लॅरिनेट पुसली, पेटीत ठेवली आणि घरी गेले. कागद दहा पावलांवर होता. मी जाऊन पाहिला नाही.

दुपारी पाहिला. एकही फ्लॅट नव्हता. आधी प्रिंटरवर चिडले, मग फॉन्ट बदलून पाहिला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. शेवटी पडद्यावर पान मोठं केलं तेव्हा दिसलं: सगळे फ्लॅट फिकट राखाडी. कंसातल्या चिन्हांबरोबर मी खरीही लपवली होती. लपवलेलं चिन्ह पडद्यावर पुसट दिसतं, वाजताना ऐकू येतं, पण छापलं जात नाही. लॅपटॉप आदळावासा वाटला. पण बाबांना आंधळं ठरवलं होतं ते मी, चारचौघांत.

घरी जाऊन सांगितलं, "बाबा, चूक माही होती."

"हाव," ते म्हणाले. "मले काय सांगतं? तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी सरावात पोरांसमोर, मुख्याध्यापकांसमोर सांगितलं. बाबा दारापाशी उभे राहून ऐकत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात."

"तुम्ही हसले होते, सर," मी म्हणाले.

ते मोबाईलमध्ये बघायला लागले. बाबांनी दुरुस्त केलेले नवे कागद वाटले.

सव्वीस जानेवारीला पोरांनी चाल चोख वाजवली. मुख्याध्यापकांनी भाषणात माझ्या संगणकाच्या ज्ञानाचं कौतुक केलं आणि मला उभं राहायला सांगितलं. चाल कुणाची, हे त्यांनी सांगितलंच नाही. बाबा शेजारच्या खुर्चीत समोर बघत बसले होते. मी उठले नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा सांगितलं, तरी उठले नाही.