पातूरचा 'काहून' अमरावतीला पोहोचतो

या प्रवासाचे सारे श्रेय पातूरच्या नारोपंतोजींचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी धरली नव्हती. त्यांनी मला ओसरीवर बसवून घेतले. उत्तर बरोबर आले तरी ते विचारीत, "काहून?" (का?) पुण्यात शिकताना माझ्या 'काहून'ला सारा वर्ग हसे, म्हणून तो मी तिथेच टाकला. पुढे मुंबईहून पदवी घेतली. आता अमरावतीच्या सरकारी शाळेतील जागेसाठी एक धडा शिकवून दाखवायचा होता. जागा हुकली की पुन्हा मुंबई आणि कारकुनी.

वाटेत अकोल्याची एक शाळा पाहिली. खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि मास्तर गठ्ठ्यावर बसलेले.

"मुले कुठे आहेत?"

"वेचणीले गेली. कापसाले भाव हाये, बाराखडीले कुठं?"

पुढे कापसाच्याच बंडीवर (बैलगाडीवर) जागा मिळाली. मूर्तिजापूरपाशी गाडीवान महादूने भाकर-ठेचा पुढे केला.

"किती शिकले तुमी?"

"शेवटपर्यंत."

"आन् तरी कापसावर बसून चालले?"

अमरावतीचे हेडमास्तर पुण्याकडचे. मला पाहताच त्यांनी माझा अर्ज पुन्हा वाचला. "वय बावीस लिहिले आहे आपण?"

पागोट्यावर, भुवयांवर, मिशीवर कापूसच कापूस! झटकला तेवढा झटकला.

धडा अमेरिकेचा होता. नकाशा टांगून मी शुद्ध स्वरात विचारले, "बाळांनो, आपल्या कापसास एवढा भाव का बरे आला असावा?"

मुले आपापल्या पाट्यांकडे पाहू लागली. हेडमास्तरांची लेखणी दौतीत बुडाली. माझ्या तोंडून निसटले, "कापूस काहून महागला रे?"

"अमेरिकेत लढाई होऊन राह्यली, गुर्जी!"

"तिकडचा कापूस विलायतेले जाऊन नाई राह्यला!"

"मंग आपलाच नेतेत!"

"भाषा अशुद्ध," हेडमास्तर लिहितालिहिता म्हणाले. मग नकाशाला बोटे लावणाऱ्या मुलांकडे पाहत राहिले. "माझ्यापुढे ही कधी इतकी बोलली नाहीत. सोमवारपासून या. मिशी झटकून."

अकोल्यास ठेवून आलेली पेटी आणायला महादूबरोबरच परतलो. पातूर गाठायला सवड नव्हती, म्हणून तिकडे निघालेल्या त्याच्याच हाती पंतोजींना पत्र दिले. वऱ्हाडीत लिहिलेले माझे हे पहिलेच पत्र:

"पंतोजी, साष्टांग नमस्कार. मले नोकरी लागली. काहून लागली म्हणाल, त 'काहून'मुळंच लागली."