धुमाळांची साक्ष

गेटातून बाई आत आली की धुमाळ मनगटावरचं घड्याळ बघायचे. पुरुष आला तर नाही. पुरुष झोकांड्या खात आला तरी धुमाळ त्याला रामराम घालायचे. पण तळमजल्यावरची नर्स रात्रपाळी करून सकाळी परतली की लगेच मनगट वर. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. पाण्याच्या पंपाचं बटण त्यांच्या हातात, त्यामुळे त्यांच्याशी वाकड्यात शिरायची कुणाची छाती नव्हती. सगळे त्यांना काका म्हणायचे. माझी जीभ कधी वळली नाही, आजही वळत नाही.

मूळचे साताऱ्याकडचे, गोदीतून निवृत्त झालेले. पंपाशेजारी खुर्ची टाकून पेपर मोठ्यांदा वाचायचे. आखातातलं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, आणि बाहेरच्या देशांत काय शिजतंय ते आपल्याला वेळेवर कळत नाही, याचं धुमाळांना भारी दुःख. "देशाला कान पायजेत, कान! धा मुलखांत आपली मानसं पेरली पायजेत!" एकदा नर्स गमतीने म्हणाली, "मग आम्ही जातो की, काका." धुमाळांनी पेपर खाली ठेवला. "बाईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. दुश्मनाच्या आदी शेजारणीला सांगून मोकळी हुईल." सगळे हसले. नर्सही हसली, पंपाचं बटण त्यांच्याकडे होतं ना!

वडील गेल्यावर आई घरी पोळी-भाजीचे डबे करायची आणि मी वाशीला एका ऑफिसात टायपिंग. रविवारी मी एसटीने उरणला आणि तिथून मोऱ्याला जायचे. मोरा बंदराजवळ जमीलाखाला राहायच्या, नवऱ्याबरोबर मस्कतला बरीच वर्षं काढून आलेल्या. त्या मला अरबी शिकवायच्या, आणि वर तांदळाची भाकरी नि कालवण खाल्ल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कॉलनीत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला फक्त 'क्लास' एवढंच ठाऊक. ते दिवसही हिंदू-मुसलमान तेढीचे होते. धुमाळांना कळलं असतं तर त्यांनी माझी आणि खालांची, दोघींची लक्तरं वेशीवर टांगली असती.

"कुटं चालली सवारी?" दर रविवारी ठरलेला प्रश्न.

"बाहेर."

"भाईर म्हंजी?"

"गेटाच्या बाहेर."

मनगट वर.

अशात एका सरकारी खात्यात जागा निघाली. परदेशी रेडिओवरचं अरबी ऐकायचं, त्याचा तर्जुमा करायचा. इकडे मामाने पनवेलचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. बायकोने नोकरी करायची नाही, ही मुलाची पहिली अट. आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत धड नोकरी लागली नाही, तर मी मामाला हो म्हणणार. मला आता टेन्शन झेपत नाही." मी परीक्षा दिली, मुलाखत दिली, दोन्हींत पास झाले. राहिली होती फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांकडची चौकशी. तोवर कुणाला, अगदी घरातही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मी आईलासुद्धा सांगितलं नाही. फार जड गेलं ते.

चौकशीला आलेला माणूस नेमका धुमाळांकडेच गेला. जाताना त्याने त्यांनाही बजावलं, "हे आपल्यातच ठेवा." संध्याकाळी पाणी यायच्या आत सगळ्या सोसायटीला ठाऊक! आई किराण्याच्या दुकानात ऐकूनच घरी आली. "दिल्लीच्या गुप्त खात्यात चाललीस? मला नाही सांगितलंस, आणि त्या धुमाळाला ठाऊक?" त्या रात्री ती जेवली नाही. धुमाळ मात्र दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्याकडे बघून मिशीत हसले. "सगळं सांगितलंय हां मी सायबाला. आता बसा घरी, बाईसाब."

चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. टेबलामागचे साहेब मराठीच होते. चेहरा मख्ख.

"आमचा माणूस काल परत तुमच्या कॉलनीत गेला, तर पानवाल्याने त्याला विचारलं, 'गुप्त खात्याचे का?' हा बोभाटा कुणी केला?"

माझ्या डोळ्यांपुढे ते पनवेलचं स्थळ उभं राहिलं. "मी नाही, सर. मी आईलाही बोलले नव्हते."

"ठाऊक आहे."

"कसं काय?"

"तुमच्या सेक्रेटरींनीच सांगितलं ना. म्हणाले, मुलगी एक नंबर आगाऊ. कुठे जाते, काय करते, सख्ख्या आईला पत्ता नाही. किती वर्षं विचारतोय, पण एक अक्षर काढून दाखवा तिच्या तोंडातून! आमच्या माणसाने विचारलं, खात्री आहे? तर म्हणाले, मुलाबाळांची शपथ घेतो." मग साहेब पहिल्यांदा हसले. "आम्हाला एवढंच हवं होतं हो."

दिवाळीआधी मी दिल्लीला गेले. कुठलीतरी नोकरी लागली, एवढंच कॉलनीला कळलं. आईही पुढे माझ्याकडे आली. दोन परक्या देशांत राहिले, स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या किल्लीने दार उघडून, आणि आत यायची वेळ कुणी बघितली नाही.

धुमाळ गेल्याचं कळलं तेव्हा काही कामाने मुंबईत होते, म्हणून त्यांच्या बायकोला भेटायला गेले. काकूंनी चहा दिला. डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटपर्यंत एकच सांगत व्हते बघ. 'वरच्या पोरीला त्या खात्यात शिरू दिलं न्हाई. देशाचं येवडं एक काम माज्या हातनं झालं.' लई समाधानात गेले." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग तू करतीस काय गं दिल्लीत?"

सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"टायपिंग," मी म्हटलं.

आता निवृत्त झाले आहे, एवढं सांगायला हरकत नाही. पण ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला नाही. मेला तो समाधानात मेला, याचा राग मला अजून गिळता येत नाही.