दुर्बिणीच्या गाडीला काकूचा ब्रेक

आमच्या काकांना घाई जन्मजात आहे. शर्टाची बटणं ते जिन्यात लावतात, वाफाळता चहा एका दमात पितात आणि जीभ भाजली की काकूवर चिडतात. समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी स्वतःच पूर्ण करून टाकतात, तेही बहुधा चुकीचं. अशा माणसानं पोटापाण्यासाठी काय निवडावं? अवजड ट्रेलर! ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, पुलाचे गर्डर, असलं अजस्र सामान त्यांनी जन्मभर वाहिलं आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. "मी म्हणजे लोकांच्या रस्त्यातली धोंड," असं ते हसत हसत म्हणायचे. पण ते त्यांना लागायचं. मी त्यांची पुतणी, मला कळतं.

म्हणून दुर्बिणीचं काम आलं तेव्हा काकांना आकाश ठेंगणं झालं. अवकाशात सोडायची दुर्बीण होती ती. शहराबाहेरच्या कारखान्यात तिची जुळणी झाली होती. तिथून ती बंदरावर न्यायची, मग जहाजानं रॉकेटच्या तळावर. "या वेळी लोक शिव्या द्यायला नाही, बघायला उभे राहणार!" काका म्हणाले, आणि त्याच दिवशी जाऊन नवा शर्ट घेऊन आले. एक नंबर लहान. घालून बघायला वेळ कुठं होता!

अट एकच होती, दुर्बिणीला धक्का बसता कामा नये. आतले आरसे इतके नाजूक बसवलेले, की जरा हिसका बसला तर सगळी जुळणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं गाडी चालवायची माणसाच्या पावलानं. पेटीवर एक सेन्सर लावला होता. सगळं ठीक असेल तोवर हिरवा दिवा, हिसका बसला की लाल. आणि खऱ्या दुर्बिणीआधी, तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या पेटीत भरून चाचण्या घ्यायच्या.

पहिल्या चाचणीत काका सबंध रस्ता शहाण्यासारखे चालले. कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा त्यांना मागं टाकून गेले. कुत्र्यानं तर वळून पाहिलं. तरी काकांनी दातओठ खाऊन सोसलं. पण बंदराचं फाटक दिसलं मात्र, आणि त्यांचा पाय आपोआप खाली गेला. लाल दिवा! दुसऱ्या चाचणीतही तेच. सगळा रस्ता हिरवा आणि फाटक दिसलं की लाल. शेवट दिसला की या माणसाला राहवतच नाही, त्याला कोण काय करणार?

"आता एकच चाचणी," मोहिमेच्या मुख्य इंजिनिअरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच काकांना जास्त झोंबलं. "पुन्हा लाल लागला तर मला दुसरा ड्रायव्हर बोलवावा लागेल. एक विचारू? घरची गाडी चालवतानाही असंच होतं का हो?"

"छे! घरच्या गाडीत होईलच कसं? शेजारी बायको असते."

हे मात्र शंभर टक्के खरं. काकूला गाडी चालवता येत नाही, पण काकांच्या शेजारी बसून आजवरचे सगळे प्रवास तिनंच केलेत. "अहो, हळू. अहो, वळण. अहो, तो सायकलवाला. दिसला ना? नक्की दिसला ना?" आणि तोंडासोबत पायही चालू. तिच्या सीटखाली ब्रेक नाही, हे तिच्या उजव्या पायाला कुणी सांगितलेलंच नाही. त्या बाजूच्या रबरी पायपुसण्याला टाचेएवढं भोक पडलंय. काकांनी ते कधी बदललं नाही.

"मग आणा की त्यांना," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

सुरक्षा अधिकाऱ्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी काकूला हेल्मेट दिलं, नारिंगी जाकीट दिलं आणि बजावलं, "चालकाशी अजिबात बोलायचं नाही." काकू हेल्मेटला इतकी बिचकली होती, की तिनं ते चक्क ऐकलं! काकूच्या तोंडाला कुलूप! आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. सबंध रस्ता ती देवघरात बसल्यासारखी हात जोडून गप्प. काकांना घाम फुटला. फाटक दिसलं. इंजिनाचा आवाज चढायला लागला.

"अहो! हळू!"

शेजारून चालणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या हातातली शिट्टी पडली. काकांचा पाय अलगद वर आला. गाडी फाटकातून आत गेली आणि दिवा हिरवाच. इंजिनिअरबाईंनी तिथल्या तिथं न बोलण्याचा नियम रद्द केला.

खऱ्या दिवशी रस्ते बंद ठेवले होते आणि दोन्ही बाजूंना ही गर्दी! पोरं बापाच्या खांद्यांवर, आज्या गच्चीत खुर्च्या टाकून. मी फाटकापाशी जागा धरून उभी होते. काका तो लहान शर्ट घालून, वरचं बटण उघडं ठेवून, नवरदेवासारखे बसलेले. निघताना काकूचा कोपर वायरलेसच्या बटणावर गेला आणि ते अडकून बसलं. आता ती बोलेल ते अख्ख्या ताफ्याला ऐकू जायला लागलं. "अहो, हळू" म्हटलं की काका हळू, पुढची जीप हळू, मोटरसायकलवरचे पोलीसही हळू. शेवटी सगळी वरात जवळजवळ थांबली, तेव्हा काकू म्हणाली, "अहो, इतकंही हळू नको!" आणि सगळे निमूटपणे पुन्हा निघाले.

पण सकाळपासून बोलून बोलून तिचा घसा बसला. बंदराच्या सरळ रस्त्याला लागेपर्यंत आवाज पार गेला. समोर फाटक आलं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हरकाका, शाब्बास!" जन्मभर हॉर्न ऐकलेल्या माणसाला हे ऐकून भरून येणारच. डोळे भरले आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जड झाला. काका 'अहो'ची वाट बघत होते. काकूनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. काकांनी शेजारी पाहिलं. तिचा उजवा पाय केबिनच्या जमिनीवर सगळ्या ताकदीनिशी दाबलेला होता, गुडघा थरथरत होता.

काकांनी आपला पाय अलगद उचलला.

हिरवा! गाडी माझ्यासमोरून मुंगीसारखी आत सरकली. मी इतकी नाचले, की शेजारच्या अनोळखी बाईंनाही माझ्याबरोबर नाचावं लागलं.

नंतर चहाच्या वेळी काकूनं कुजबुजत्या आवाजात विचारलं, "एवढं काय बघणार हो ही दुर्बीण?"

"लांबच्या लांब तारकाविश्वांचा नकाशा काढणार," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "अगणित आहेत ती. अख्खं विश्व पसरतंय. आम्हाला वाटायचं, पसरण्याचा वेग एव्हाना कमी होत असेल. तर उलटंच! सुरुवातीला मंदावलं आणि मग पुन्हा वेग घेतला. कुणाच्या जोरावर, ते ठाऊक नाही. कृष्ण ऊर्जा असं नाव तेवढं ठेवलंय."

काकूनं काकांकडे एक कटाक्ष टाकला. "म्हणजे यांच्यासारखंच की. शेजारी कुणी बसलेलं नसेल."

इंजिनिअरबाईंना असा ठसका लागला, की चहा नाकातून आला.

पुढं काही महिन्यांनी ती दुर्बीण उडाली. आम्ही सगळे काकांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. काकांनी सकाळपासून सगळ्यांना घाई करून करून जेरीस आणलं होतं, जणू तेच रॉकेट चालवणार होते. आकडे उलटे मोजून झाले, आग निघाली, धूर पसरला आणि आमची दुर्बीण सुसाट वर निघाली. आम्ही घर डोक्यावर घेतलं.

काकूचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबला गेला. "अहो, हळू!" ती टीव्हीवर ओरडली.

काकांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते, आणि आवाजात कसलीही घाई नव्हती.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "आता जाऊ दे."